चार बुजऱ्या पर्ल गोरामींची केस: लपायला जागा होती, पण चुकीच्या उंचीवर

नवीन मासे आणले, दोन दिवस झाले, तीन दिवस झाले, तरी कोपऱ्यातून बाहेर येत नाहीत आणि खाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, हा अनुभव मासे पाळणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतोच. मला तो चार पर्ल गोरामींच्या बाबतीत आला. त्या दिवसांत मी रोज वहीत नोंद करत होते, म्हणून आता सगळं क्रमाने सांगता येतंय, आणि माझ्या हातून काय चुकलं तेही सांगते कारण ते बऱ्याच जणांच्या हातून होत असणार असं मला वाटतं.

आधी टाकी आणि मासे

टाकी साधारण १५० लिटरची, वर्षभर नीट चाललेली. आत झेब्रा डॅनिओ जातीचे आठ छोटे मासे आधीपासून होते. तळाला वाळू, मधोमध एक मोठं ड्रिफ्टवुड, त्याला बांधलेलं अॅन्युबियसचं झाड, आणि दोन आडवी ठेवलेली मातीची मडकी. लपायला जागा भरपूर आहे असं मी ठाम समजत होते. वरचा पृष्ठभाग मात्र पूर्ण मोकळा, त्यावर एलईडी लाइट पूर्ण जोरात रोज नऊ तास, आणि मागे लटकवलेल्या फिल्टरचं पाणी धबधब्यासारखं पडायचं.

मासे चार, एक नर आणि तीन माद्या, प्रत्येकी सात-आठ सेंटीमीटरचे. नराची ओळख सोपी आहे, पाठीवरचा पर लांब आणि टोकदार, गळ्याखाली नारिंगी झाक. पर्ल गोरामी मूळचे थायलंड, मलेशिया, सुमात्रा, बोर्निओ या भागातले, सखल दलदलीत, जिथे पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि झाडझाडोरा इतका दाट की ऊन खाली पोचतच नाही, अशा ठिकाणी राहणारे. मोठे होऊन १२ सेंटीमीटरपर्यंत जातात. पोटाखालचे दोन पर दोऱ्यासारखे लांब असतात, त्यांना आपण मिशा म्हणतो, त्यांनी ते समोरची प्रत्येक गोष्ट चाचपून बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे ते पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळी केस तिच्यावरच सुटली.

आणताना पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग पाऊण तास थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घातलं आणि मासे जाळीने उचलून टाकीत सोडले, पिशवीतलं पाणी फेकून दिलं. प्रवास दोन तासांचाच होता म्हणून पाऊण तास चाललं. मासे एक-दोन दिवस पिशवीत बंद राहून आलेले असतील तर एवढा वेळ लावणं मला बरोबर वाटत नाही, कारण बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली जातो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो, पण पिशवी उघडली की तो गॅस निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. अशा वेळी तापमान जुळलं की मासे लवकर बाहेर काढलेले बरे.

एक चूक इथेच झाली ती सांगते. नवीन मासे आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायला हवे होते. माझी दुसरी टाकी रिकामी नव्हती म्हणून थेट मोठ्या टाकीत सोडले. रोग आला नाही, पण आला असता तर आठ डॅनिओही गेले असते. परत असं करणार नाही.

पहिले चार दिवस

पहिल्या रात्री लाइट बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चौघेही फिल्टरच्या पाइपमागे, मागच्या डाव्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. अंगावरचे मोत्यासारखे ठिपके जवळजवळ दिसेनासे झालेले, तोंडापासून शेपटीपर्यंत जाणारी काळी रेघ तेवढी उठून दिसत होती, पर अंगाला मिटलेले. मडक्यांकडे आणि ड्रिफ्टवुडखाली कुणी फिरकलंही नव्हतं.

मी फ्लेक्स टाकले. डॅनिओंनी अर्ध्या मिनिटात सगळं संपवलं. मग अजून टाकले. मग वाटलं फ्लेक्स आवडत नसतील, म्हणून बुडणारे बारीक दाणे टाकले, संध्याकाळी फ्रोझन ब्लडवर्म वितळवून टाकले, दुसऱ्या दिवशी वेगळ्या कंपनीचे फ्लेक्स. दिवसातून चार-पाच वेळा झाकण उघडायचं, हात आत, काहीतरी टाकायचं, काच जवळून बघायची, खात नाहीत, झाकण बंद. जीव तुटत होता हो, मासे उपाशी आहेत हे डोळ्यांनी दिसत असताना हातावर हात ठेवून बसणं फार कठीण असतं, आणि म्हणूनच ही चूक सगळ्यांकडून होते असं मी म्हणते, काळजी असते म्हणूनच होते.

पण माशाच्या बाजूने बघा. आधीच जाळी, पिशवी, अंधार, हेलकावे, मग अनोळखी पाणी. त्यात दर तीन तासांनी डोक्यावरचं छप्पर निघतंय आणि वरून एक मोठी सावली खाली येतेय. वरून येणारी सावली म्हणजे माशाच्या दृष्टीने पक्षी. घाबरलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसोल वाढतं आणि ते वाढलेलं असलं की भूकच लागत नाही, मग समोर काय टाकलंय याला काही अर्थ राहत नाही. मी प्रत्येक वेळी खाणं बदलत होते आणि प्रत्येक वेळी भीती नव्याने घालत होते.

चौथ्या दिवशी पाणी तपासलं तर अमोनिया ०.२५. आधी कायम शून्य असायचा. न खाल्लेले दाणे ड्रिफ्टवुडखाली जाऊन कुजत होते, बोटाने वाळू सरकवली तर पांढरा बुरशीचा थर आलेले दाणे निघाले. पीएच ७.२ होता त्यामुळे त्यातला विषारी भाग थोडाच, पण आधीच खचलेल्या माशांना तेवढाही नको. ३० टक्के पाणी बदललं, क्लोरीन काढून आणि तापमान जुळवून, नळीने तळ साफ केला, आणि त्या दिवशी ठरवलं की आता काही टाकायचं नाही, आधी नुसतं बघायचं.

पाचवा दिवस, नुसतं बघायचा

खुर्ची टाकीपासून दोन मीटरवर ठेवली, खोलीतला दिवा मंद केला, मोबाइल बाजूला ठेवला आणि ४० मिनिटं हललेच नाही. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग माणूस आहे हे ते विसरले असावेत.

आणि तेव्हा मला ती गोष्ट दिसली. एक मादी पाइपमागून सुटली, सरळ वर, अक्षरशः बाण सोडावा तशी, पृष्ठभागाला तोंड लावलं, टप्प असा आवाज आला, आणि त्याच वेगाने खाली परत कोपऱ्यात. सगळं मिळून एक सेकंद. खाली पोचल्यावर तिचे कल्ले जोरात हलत होते. दोन-तीन मिनिटांनी दुसरी, तशीच. मग नर. पूर्ण वेळात चौघांच्या मिळून नऊ फेऱ्या मोजल्या, त्यातल्या आठ अशाच झडप घातल्यासारख्या. उरलेली एक फेरी मात्र शांत होती, आणि ती कुठे झाली? फिल्टरच्या डब्याची सावली पृष्ठभागावर पडते त्या तीन बोटांच्या पट्ट्यात.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लपायला जागा दिली होती ती तळाला. पण गोरामी तळाचा मासा नाहीच, तो वरच्या आणि मधल्या थरातला. त्याला श्वासासाठी दिवसभर पुन्हा पुन्हा वर जायलाच लागतं, टाळता येत नाही, आणि माझ्या टाकीत तीच वाट पूर्ण उघडी, डोक्यावर भगभगीत लाइट, बाजूला धबधबा, आणि पृष्ठभागावर आठ डॅनिओंची सतत धावपळ. म्हणजे त्यांना प्रत्येक श्वास जीव मुठीत धरून घ्यावा लागत होता. जो मासा श्वासालाच घाबरून वर जातो तो खायला कशाला जाईल.

डॅनिओंबद्दलही माझा समज चुकला होता. घाबरट माशांबरोबर मोकळेपणी फिरणारे छोटे मासे ठेवतात, डिदर फिश म्हणतात त्यांना, ते उघड्यावर निवांत दिसले की बुजऱ्या माशाला कळतं की आसपास धोका नाही. मी धरून चालले की डॅनिओ आहेत म्हणजे झालं काम. पण बघताना लक्षात आलं की डॅनिओ एकदम झेप घेतात, वळतात, परत झेप घेतात, आणि त्यांच्या प्रत्येक झेपेला गोरामी दचकून मागे सरकत होते. सोबत शांत माशांची हवी. हार्लेक्विन रासबोरासारखे संथ फिरणारे मासे असते तर चित्र वेगळं असतं.

काय काय बदललं

त्याच संध्याकाळी, सगळं एका दमात केलं, म्हणजे हात एकदाच आत जाईल.

सगळ्यात आधी वरचं छप्पर. हॉर्नवर्टचे चार-पाच लांब झुपके तरंगत सोडले आणि दुसऱ्या टाकीतला वॉटर स्प्राइट मुळांसकट वर तरंगता ठेवला, त्याची मुळं दाढीसारखी खाली लोंबतात आणि माशांना त्यात शिरायला फार आवडतं. साधारण अर्धा पृष्ठभाग झाकला, पूर्ण नाही. पूर्ण झाकला तर गोरामींना हवा घ्यायला जागा राहत नाही आणि पाण्यात ऑक्सिजन मिसळायलाही अडचण होते. झाडं सरकून फिल्टरकडे जाऊ नयेत म्हणून एअरच्या पाइपचा तुकडा गोल करून, टोकं जोडून त्याचं कडं केलं आणि त्यात अडवली.

फिल्टरच्या तोंडाला स्पंजचा तुकडा लावून धार मागच्या काचेकडे वळवली. पृष्ठभागावर थोडी थरथर राहू दिली, कारण डॅनिओ हवा घेत नाहीत, त्यांना पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला. हे लोकांना शोभेचं वाटतं, पण चारही बाजूंनी हलणारी माणसं दिसत असली तर मासा पाठ कुणाकडे करणार?

लाइट निम्म्यावर आणला आणि सहा तासांवर. शिवाय सकाळी आधी खोलीतला दिवा लावायचा, अर्ध्या तासाने टाकीचा, रात्री उलटं, आधी टाकीचा बंद आणि खोलीतला नंतर. माशांना पापण्या नसतात आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी आक्रसून उजेड कमी करत नाही, त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या पेशी हळूहळू सरकून उजेडाशी जुळवून घेतात आणि त्याला बराच वेळ लागतो. काळोखातून एकदम झगझगीत उजेड झाला की ते धडपडतात, काचेवर आपटतात, ते उगाच नाही.

आणि एक छोटी गोष्ट, स्टँडचं दार. दार लावताना धप्प आवाज व्हायचा, तिकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी रेघ असते तिच्याने त्यांना पाण्यातली बारीकशी थरथरही कळते, स्टँडचा धक्का काचेतून थेट पाण्यात जातो. दाराच्या कडेला फोमची पट्टी चिकटवली.

मग दोन दिवस काहीही टाकलं नाही. डॅनिओंनाही नाही. घरच्यांनी दोनदा विचारलं की अगं मारतेस का त्यांना, तेव्हा मलाही आतून धाकधूक होतीच. पण भरल्या अंगाचा, निरोगी, वाढलेला मासा आठवडाभर खाण्याविना राहू शकतो, पिल्लांचं तसं नाही, ती टिकत नाहीत. मी रोज वरून आणि बाजूने पोट बघत होते. पोट आत गेलंय का, डोक्यामागे पाठ सुरीच्या धारेसारखी झालीय का, कल्ले शांत असताना भराभर हलतायत का, अंगावर पांढरे ठिपके, अंग घासणं, एका बाजूला कलणं. यातलं काही असतं तर मी थांबले नसते, ती मग भीतीची केस राहत नाही, आजाराची होते. गोरामी वर येतो म्हणून तो गुदमरतोय असं नाही, पण कल्ले ताणून पृष्ठभागालाच चिकटून राहिला तर मात्र पाणी ताबडतोब तपासायचं.

वहीतली सातव्या दिवसाची नोंद अशी आहे: ४० मिनिटं, ११ फेऱ्या, ५ शांत. अकरापैकी आठ फेऱ्या हॉर्नवर्टमधूनच. ठिपके परत दिसायला लागले, आधी शेपटीकडे.

पहिला घास

खायला काय द्यायचं याचा विचार मी तेव्हा सुरू केला, आणि माझ्या मते तो तेव्हाच करायचा असतो. बावरलेल्या माशाला पहिलं खाणं हलणारं पाहिजे. दाणा म्हणजे त्याच्यासाठी खडा, खाणं आहे हे शिकावं लागतं. वळवळणारी गोष्ट मात्र शिकावी लागत नाही, ती दिसली की तोंड आपोआप उघडतं.

मी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी फोडायला लावली. एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, बाटली उलटी करून खालून हवेचे बुडबुडे, २७ अंशाच्या आसपास तापमान, जवळ दिवा, साधारण २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर जमतात, न फुटलेली अंडी खाली बसतात, पिल्लं उजेडाकडे धावतात, तिथून नळीने ओढून घ्यायची. बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुवायची, टरफलं आणि मीठ टाकीत जाऊ द्यायचं नाही. निघाल्याबरोबर दिली तर उत्तम, कारण त्यांच्या पोटातला बलक त्या पहिल्या दिवसातच संपायला लागतो. गोड्या पाण्यात ती काही तास जिवंत राहतात, म्हणजे माशाला विचार करायला वेळ मिळतो. सात सेंटीमीटरच्या माशाला अर्ध्या मिलिमीटरचं खाणं लहान वाटेल, पण गोरामीचं तोंड बघा, केवढंसं असतं ते.

आठव्या दिवशी संध्याकाळी, लाइट जायला तासभर असताना, आधी उजव्या टोकाला डॅनिओंना चिमूटभर फ्लेक्स टाकले, सगळी फौज तिकडे गेली. लगेच डावीकडे, झाकणाच्या फटीतून लांब पिपेट हॉर्नवर्टच्या आत हळूच सोडून आर्टेमियाचा नारिंगी ढग सोडला. झाकण उघडलं नाही, हात वरून नेला नाही. आणि मागे जाऊन खुर्चीत बसले.

ढग हळूहळू पसरत पाइपकडे गेला. सगळ्यात मोठ्या मादीने एक मिशी पुढे केली. नुसती एक. ढगातून फिरवली, मागे घेतली. मग दोन्ही. मग अर्धं अंग पाइपच्या बाहेर, डोळा वर, खाली, वर. तोंड उघडलं आणि एक टिपला, लगेच थुंकला, परत टिपला. आणि या वेळी ठेवला. मग ती थांबलीच नाही, एकेक करत, टक टक टक, पाच मिनिटं. मी श्वास रोखून बसले होते, जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तिला बघून दुसरी मादी आली. मासे एकमेकांना बघून खायला शिकतात, म्हणून असे मासे एकटे आणू नयेत, चार-पाच आणावेत. दुसऱ्या दिवशी नर आला. आर्टेमियाने पोटं इतकी नारिंगी झाली की उजेडासमोर आरपार दिसत होती, कोण खातंय आणि कोण नाही हे ओळखायला याच्याइतकी सोपी खूण नाही.

आणि त्यामुळेच लगेच दिसलं की चौथीचं पोट पांढरंच आहे.

चौथी मादी

चौघांत सगळ्यात लहान. दहावा दिवस, अकरावा, बारावा, बाकीचे तिघे पिपेट दिसल्याबरोबर पुढे येतायत आणि ही ड्रिफ्टवुडच्या मागे एकटी. त्यात बाराव्या दिवशी तिची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली. पांढरी विष्ठा दिसली की आतड्यात जंतू किंवा कृमी हा पहिला संशय येतो आणि औषधाकडे हात जातो, मीही मेट्रोनिडाझोलची पुडी काढून ओट्यावर ठेवली होती. पण जो मासा दिवसेंदिवस खात नाही त्याच्या रिकाम्या आतड्यातून नुसता चिकट स्राव येतो, तोही पांढराच दिसतो. दोन्हीत फरक कसा करायचा? माझ्याकडे एकच साधन होतं, परत खुर्चीत बसून बघणं.

तेराव्या दिवशी तासभर बसले. ती खायला येत नव्हती असं नाहीच मुळी, तीन वेळा निघाली. तिन्ही वेळा नर आडवा आला. चावला नाही, पाठलागही फार नाही, फक्त पर पसरून तिच्या वाटेत आडवा उभा राहिला आणि ती मागे फिरली. पहिल्या दिवशी पाइपमागे चौघे घाबरून चिकटलेले होते तेव्हा हे दिसणं शक्यच नव्हतं, नराची भीड चेपली, त्याने हॉर्नवर्टखालचा कोपरा आपला मानला आणि हिची अडचण सुरू झाली. म्हणजे तिघांचा प्रश्न सुटला त्यातूनच चौथीचा तयार झाला.

औषध दिलं नाही. पोट सपाट होतं पण आत गेलेलं नव्हतं, कल्ले शांत होते, म्हणून आणखी चार दिवस स्वतःला मुदत दिली आणि त्यात फरक पडला नाही तर तिला वेगळी काढून उपचार करायचं ठरवलं. झाडांचं दुसरं कडं करून उजव्या टोकाला तरंगत ठेवलं, आणि मध्ये एक उंच झुडुपासारखं झाड लावलं की एका टोकावरून दुसरं दिसू नये. मग खाणं तीन ठिकाणी सुरू केलं, मधे डॅनिओ, डावीकडे नर आणि दोघी, आणि नर खाण्यात गुंतला की लगेच उजवीकडे दुसऱ्या पिपेटने हिच्यासाठी. त्याच वेळी, त्याच जागी, रोज. बदल नको. मासा घड्याळ आणि जागा फार लवकर लक्षात ठेवतो.

पंधराव्या दिवशी तिने खाल्लं. मी मोजलं, सात पिल्लं. सोळाव्याला पोट नारिंगी. अठराव्या दिवशी विष्ठा तपकिरी-नारिंगी आणि आखूड, पांढरा दोरा गेला तो गेलाच, आणि पुडी परत डब्यात गेली. खायला लागल्यावरही ती पांढरीच राहिली असती, किंवा खाऊनही पोट बारीक होत गेलं असतं, तर मी औषध दिलं असतं, आणि तेही तिला वेगळं काढूनच.

तिथून दाण्यांपर्यंत

हा भाग सोपा गेला. आधी आर्टेमियात थोडे फ्रोझन डॅफ्निया मिसळले, मग प्रमाण वाढवत नेलं, मग बारीक दाणे दहा मिनिटं पाण्यात भिजवून त्याच पिपेटमधून. पिपेट तेच, जागा तीच, आतला माल हळूहळू वेगळा. बाविसाव्या दिवशी तिघांनी दाणे घेतले, लहान मादीने सव्विसाव्या दिवशी. उरलेलं दहा मिनिटांत नळीने काढून टाकत होते, अमोनिया परत कधी शून्याच्या वर गेला नाही.

या केसमधलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या माशाला लावू नका. लपायला जागा कुठल्या उंचीवर हवी हे मासा कुठे राहतो आणि कशासाठी बाहेर पडतो यावर ठरतं. कुहली लोच असतील तर त्यांना मऊ वाळू आणि तळाशी अरुंद फटी लागतात आणि खाणं लाइट गेल्यावर द्यायचं, त्यांच्यासाठी वर कितीही झाडं सोडली तरी उपयोग नाही. एंजल आणि डिस्कससारख्या चपट्या अंगाच्या माशांना उभ्या फांद्या, उंच पानं हवीत, ज्यांच्या मधून सरकता येईल. पण बाहेर कमी दिसतात म्हणून आडोसा काढून टाकायचा, हा सल्ला मात्र कुठल्याच माशाला लावू नका. माझ्या टाकीत आडोसा दुप्पट केल्यावर मासे दुप्पट दिसायला लागले, कारण परतायला जागा जवळ आहे म्हटल्यावर बाहेर पडायची हिंमत येते.

डॅनिओ महिनाभराने दुसरी टाकी मोकळी झाल्यावर तिकडे हलवले. त्यानंतर पहिल्यांदाच चौघे गोरामी भर लाइटमध्ये समोरच्या काचेजवळ दिसले, वहीत त्या दिवशी २० मिनिटांत सहा फेऱ्या आणि सहाही शांत. वर जाताना मिशा पुढे, तोंड अलगद पाण्याबाहेर, एक छोटा बुडबुडा, आणि तरंगत खाली. सहाव्या आठवड्यात नराने डावीकडच्या हॉर्नवर्टखाली बुडबुड्यांचं घरटं बांधलं, पंजाएवढं.

लहान मादी अजूनही उजवीकडेच खाते. तिच्या बाजूचं झाड मध्ये एकदा छाटायला काढलं तर दोन दिवस ती परत झडप घालून वर जायला लागली, म्हणून आता छाटायचं झालं तर एका वेळी एकच बाजू छाटते, आणि तिची सगळ्यात शेवटी.